वरून की खालून?

भायखळ्याचा पूल उतरला की टॅक्सीवाला आरशात बघून विचारतो, "मॅडम, ऊपर से लूँ या नीचे से?"

विचारतो आपलं रीत म्हणून. रात्री साडेआठला फोर्टातून शीवला निघालेली, मांडीवर डब्याची पिशवी घेतलेली पन्नाशीची बाई खालून कशाला जाईल? वरून म्हणजे आधी लालबागचा पूल, मग परळ टीटीचा, हिंदमाताचा, दादर टीटीचा आणि शेवटी माटुंग्याचा. एका हाताची पाच बोटं. मी "ऊपर से" म्हणते. टॅक्सी चढण चढते आणि दोन्ही बाजूंना गच्च्या, पाण्याच्या काळ्या टाक्या आणि तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरी दिसायला लागतात. त्यातली एक चादर माझ्या आईची असते.

आईचं घर लालबागला. जुन्या चाळीतलं ते घर २०११ पर्यंत रस्त्यावरचं होतं. म्हणजे खिडकीत बसलं की खालची माणसं दिसायची, हाक मारली की वर बघायची. त्या वर्षी सुमारे अडीच किलोमीटरचा लालबागचा उड्डाणपूल सुरू झाला आणि रस्ताच उठून आमच्या खिडकीत आला. आई म्हणते, "आता माणसं नाहीत गं दिसत, टपं दिसतात." मी वरून जाताना कधी कधी तिला फोन करते, खिडकीत ये म्हणून. ती येते. हात हलवते. गाड्या ऐंशीच्या वेगाने जात असतात, तिने नेमका कुणाला हात केला ते तिलाही कळत नसेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग असं या रस्त्याचं पूर्ण नाव. भायखळ्यापासून शीवपर्यंत सुमारे ८ किलोमीटर. पूर्वी त्याला सलग असं एकच नाव नव्हतं. आमच्या बाजूला परळ रोड, पुढे व्हिन्सेंट रोड, त्याच्याही पुढे किंग्जवे. आजी शेवटपर्यंत "मेन रोड" म्हणायची, आणि "मेन रोड ओलांडू नकोस" हा आमच्या लहानपणीचा पहिला कायदा होता.

लहानपणी तो रस्ता मी बसमधून पाहिला. ६६ नंबर. डबलडेकर मिळाली की वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायची, आणि मग आपणच बस चालवतोय. भायखळ्याला राणीचा बाग. १८६२ ची ती बाग, आता जिजामाता उद्यान, आणि गेली काही वर्षं पेंग्विनची बाग. शाळेच्या सहलीत आम्हाला वाघ-सिंह दाखवायला नेत, पण मला लक्षात राहिला तो आवारातल्या संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती. घारापुरीचा. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं तोच हा. त्याला इंग्लंडला न्यायचा घाट १८६४ मध्ये घातला होता, पण उचलताना क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले आणि तो इथेच राहिला. पुढे तुकडे जोडून उभा केला. आजोबांना ही गोष्ट फार आवडायची. "नाही गेला बघ," ते म्हणायचे, जणू हत्तीने स्वतः ठरवलं होतं.

बागेच्या पुढे चिंचपोकळी, आणि चिंचपोकळी संपेपर्यंत पुलाची सावली अंगावर आलेली असते. आता खालून गेलं पाहिजे, कारण पुढचं सांगण्यासारखं सगळं खालीच आहे.

लालबागचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला गणपती आठवतो. ते ठीक आहे. लालबागचा राजा १९३४ चा. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद पडला, उघड्यावर बसणाऱ्या कोळणींनी आणि भाजीवाल्यांनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला, जागा मिळाली, गणपती बसला. म्हणजे मुळात हा नवस बाजाराच्या गाळ्यांचा होता. त्याच्या आधीपासून गणेश गल्लीचा होता, चिंचपोकळीचा चिंतामणी तर १९२० चा. अलीकडे विसर्जनापेक्षा आगमनाला गर्दी होते, परळच्या वर्कशॉपपासून मूर्ती निघते आणि मुलं मोबाईल डोक्यावर धरून उलटी चालतात. आम्ही दहा दिवस घरात कोंडलेले. पाहुणे "तुमचं काय बाबा, दारातच राजा" म्हणत आणि आई दुधाची पिशवी आणायला चार बॅरिकेड ओलांडून जाई.

माझं लालबाग वासाचं आहे. एप्रिल-मे महिन्यात मसाला गल्लीत शिरलं की आधी डोळ्यांना कळतं, मग नाकाला. डंक चालू असतात, लोखंडी मुसळं वरखाली आपटत असतात, आणि आपल्या मिरचीचा नंबर येईपर्यंत बायका बाकड्यावर पदर नाकाला लावून बसलेल्या. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी दोन्हीला. आजी मिरचीचं देठ मोडून वास घ्यायची आणि दुकानदाराला "गेल्या वर्षीची आहे" असं तोंडावर सांगायची. ती ओळखायची कारण तिचा तो धंदा होता. ती खाणावळ चालवायची.

दहा बाय बाराच्या खोलीत सतरा महिनेवाले जेवायचे. सगळे गिरणीतले, सगळे कोकणातले, बायकामुलं गावाला. पहिल्या पाळीचे, दुसऱ्या पाळीचे, रात्रपाळीचे. भोंगा वाजला की ताटं मांडायची आणि पुढचा भोंगा वाजला की घासायची. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते शोभेला. आजी भात टाकायची ती भोंग्यावर. महिनेवाल्यांना ती नावाने नाही, गिरणीच्या नावाने आणि खात्याने ओळखायची. अमक्या गिरणीचा साचेवाला, तमक्याचा कांडीखात्यातला. बदली कामगाराला पगार झाला नाही तर तिची वही दोन-दोन महिने उघडी राहायची.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी लहान होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. पहिले काही महिने खाणावळ भरलेलीच होती, उलट जास्त, कारण सगळ्या पाळ्यांचे लोक एकदमच घरी. मग एकेक जण "गावाला जाऊन येतो, शेतीची कामं उरकतो" म्हणून निघाला. ट्रंका मात्र आमच्याकडेच ठेवून गेले. सहा ट्रंका आमच्या पोटमाळ्यावर कितीतरी वर्षं होत्या. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, त्यामुळे आजीनेही ट्रंका कुणाला दिल्या नाहीत. पुढे केव्हातरी त्या उघडल्या. एका ट्रंकेत नवी कोरी लुंगी, लग्नपत्रिका आणि सतरा रुपये निघाले.

भोंगा थांबला आणि आमच्या घरातलं घड्याळ कामाला लागलं.

आता एक गोष्ट, जी सांगायला मला बराच काळ लागला.

आजोबा साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. "साचेवाला" हा शब्द ते असा म्हणत की ऐकणाऱ्याने सावरून बसावं. साच्यावरचा माणूस म्हणजे गिरणीतला मानकरी, पगार बरा, हाताखाली चालणारं यंत्र. मी लहानपणी त्यांना विचारायचे, साचा चालवायचा म्हणजे काय करायचं? मग ते रिकामी कांडी घेऊन नक्कल करून दाखवायचे. धोट्यातलं सूत संपलं की नवी कांडी भरायची, धाग्याचं टोक धोट्याच्या भोकाशी धरायचं आणि तोंड लावून एका श्वासात ओढून घ्यायचं. "फूस!" ते म्हणायचे आणि मी हसायचे.

कॉलेजात असताना मला कळलं की याच "फूस"मुळे साचेखात्याची दारं अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होती. धाग्याला तोंड लागतं, म्हणजे उष्टं, म्हणजे विटाळ. त्यांना कमी पगाराच्या खात्यांत ठेवत. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. गंमत अशी की एकाच धोट्याला दोन-दोन पाळ्यांची तोंडं लागायची, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. क्षयाची भीती नव्हती, जातीची होती.

मी आजोबांना विचारलं. ते गावाहून आले १९४८ ला, म्हणजे त्या संपानंतर वीस वर्षांनी. "आमच्या वेळी तसलं काही नव्हतं," ते म्हणाले. वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते पान वाचून झाल्यावर म्हणाले, "पाण्याचे माठ मात्र सुरवातीला दोन होते." आणि पुन्हा वाचायला लागले. त्यावर मी काही विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं. आमच्या घरात भाकरीचे, मिरचीचे, संपाचे, गणपतीच्या वर्गणीचे सगळे विषय निघत. हा एक विषय असा होता की आम्ही त्याच्यावरून जायचो.

भारतमाता टॉकीज मागे टाकलं, जिथे मराठी सिनेमाला हाऊसफुल्लचा बोर्ड लागायचा आणि बोर्ड लागला की आजीचे महिनेवाले शेवटच्या पंगतीला बसायचे, की पुढे परळ. उजवीकडे-डावीकडे गल्ल्या फुटतात त्या बहुतेक दवाखान्यांकडे जातात. केईएम १९२६ चं, वाडिया, टाटा, आणि थोडं आत हाफकिन, जिथे पूर्वी गव्हर्नर राहायचे. सकाळी सहाला परळच्या फुटपाथवर बिहारपासून बेळगावपर्यंतची माणसं एक्स-रेची मोठी पाकिटं छातीशी धरून उभी असतात. वरून जाणाऱ्याला ती दिसत नाहीत.

आणि मग पोयबावडी. पोय म्हणजे पाणपोई, बावडी म्हणजे विहीर. विहीर आता शोधायची नाही, पण नाव टिकलं आहे. इथे दामोदर हॉल, सोशल सर्व्हिस लीगचा, आणि त्याच्या जवळ बीआयटी चाळी. यातल्या एक नंबरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत भीमराव रामजी आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. बावीस वर्षं. बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली ते इथूनच, न्यूयॉर्क आणि लंडन करून परत आले ते इथेच, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले तरी पत्ता हाच. त्यांना भेटायला शाहू महाराज या चाळीत आले होते. ९ मार्च १९२४ ची ती सभा, जिच्यातून पुढे बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली, ती समोरच्या दामोदर हॉलमध्ये झाली.

आमच्या चाळीपासून हे सगळं पंधरा मिनिटांवर. मी दामोदर हॉलमध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य केलं आहे. विंगेत उभी राहून घाबरत दोनदा लघवीला जाऊन आले आहे. पण शेजारच्या इमारतीत कोण राहायचं हे मला कॉलेजात जाईपर्यंत कुणीही सांगितलं नव्हतं, ना शाळेने ना घराने. आम्हाला त्यांचा फोटो माहीत होता, निळा कोट, हातात पुस्तक. फोटोतल्या माणसाने कधी सार्वजनिक नळावर नंबर लावला असेल असं डोक्यात आलं नव्हतं.

आजीला ते ठाऊक होतं. तिला विचारायला मीच उशीर केला. ती गेली २००९ ला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी मसाल्याच्या मिरच्या निवडत बसलो होतो तेव्हा मी सहज म्हटलं, "आजी, बाबासाहेब पोयबावडीला राहायचे, तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय," ती म्हणाली. "त्यांची यात्रा बघितली ना मी."

७ डिसेंबर १९५६. आदल्या दिवशी दिल्लीत त्यांचं निधन झालं, विमानाने पार्थिव मुंबईला आणलं, दादरला राजगृहात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंत्ययात्रा निघाली. व्हिन्सेंट रोडने पोयबावडी, तिथून एल्फिन्स्टनच्या पुलावरून सयानी रोड, गोखले रोड करत दादरची चौपाटी. (तो एल्फिन्स्टनचा पूलही २०२५ मध्ये पाडायला घेतला. या शहराला पुलांचं काय वेड आहे कळत नाही, एक पाडायचा आणि त्याच्या डोक्यावर दोन बांधायचे.) आजीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, माझे वडील कडेवर. आजोबा त्या दिवशी कामावर गेले नाहीत. ती शेजारणीबरोबर परळपर्यंत चालत गेली.

"रस्ता दिसतच नव्हता," ती म्हणाली. "नुसती डोकी. आणि आवाज नाही. एवढी माणसं आणि आवाज नाही. गणपतीला एवढी माणसं असली की काय होतं ठाऊक आहे ना तुला? तसलं काही नाही. मला तेच जास्त भ्या वाटलं."

"मग?"

"मग काय. कुणीतरी रडायला लागायचं, मग सगळीकडून. एक बाई माझ्याजवळ येऊन पाणी मागायला लागली. माझ्याकडे तांब्या होता, तुझ्या बापासाठी घेतलेला."

"दिलंस?"

आजीने मिरची मोडली, वास घेतला, बाजूला टाकली. "वरून ओतलं," ती म्हणाली. "तिच्या ओंजळीत. तांब्या नाही दिला." आणि थोड्या वेळाने, "तेव्हा तसंच होतं."

त्यानंतर पुष्कळ वेळ आम्ही मिरच्या निवडत बसलो होतो. डोळ्यांना पाणी येत होतं, ते मिरच्यांचं.

परळ टीटी ओलांडलं की उतार लागतो, चालणाऱ्याच्या पायाला तो बरोबर कळतो. हा हिंदमाताचा खळगा. बशीसारखी जागा, चारी बाजूंचं पाणी इथे येऊन बसतं. पावसाळ्यात टीव्हीवर "हिंदमाता परिसरात पाणी साचलं" ही बातमी वाचली नाही तर वृत्तनिवेदकाला चुकल्यासारखं होत असावं. खाली साड्यांची आणि ड्रेस मटेरियलची दुकानं, लग्नाचा बस्ता बांधायला पालघरपासून लोक येतात. दुकानदारांनी माल ठेवायच्या फळ्या जमिनीपासून गुडघाभर उंच करून घेतल्या आहेत. अलीकडे महापालिकेने पाणी साठवायला जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या, आणि दोन पुलांच्या मधला रस्ताही उंच केला. गाड्या आता कोरड्या जातात. २६ जुलै २००५ ला मी इथून कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेले होते. एका साडीच्या दुकानाच्या शटरला दोर बांधला होता आणि तो धरून अनोळखी माणसं रांगेने पुढे सरकत होती. दोर संपला तिथे एक जाडजूड मारवाडी शेठ पाण्यात उभा राहून प्रत्येकाचा हात पकडून दुभाजकावर चढवत होता. माझा हात धरून तो म्हणाला, "बेन, चप्पल छोड दो." मी नवी चप्पल सोडली. त्याच दुकानातून पुढे माझ्या मुलीच्या बारशाची साडी घेतली, शेठने भाव एक पैसा कमी केला नाही.

हिंदमाता संपलं की दादर टीटी. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम बंद होऊन साठ वर्षं उलटली, बोरीबंदरहून दादरला आलेली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ची, तरी कंडक्टर "टीटी, टीटी" असं ओरडतोच. आजोबा सांगायचे, त्या रात्री लोक ट्रामच्या बाहेर लटकून आले होते.

आणि इथे रस्त्याची चालच बदलते. दोन्ही बाजूंना झाडं, रुंद फुटपाथ, तीन-चार मजल्यांच्या गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारती, मागे सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या. परळपर्यंतचा रस्ता वाढत गेलेला आहे, हा आखलेला आहे. त्याच्यामागे प्लेग आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला, माणसं किड्यांसारखी मेली, अर्धं शहर पळून गेलं. त्यातून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. गिचमिड वस्त्या पाडायच्या, हवा खेळेल असे रस्ते काढायचे आणि उत्तरेला नवं शहर वसवायचं. दादर-माटुंगा हे ते नवं शहर. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, पाच उद्यानं. आणि उठवलेल्या गरिबांसाठी, कामगारांसाठी त्याच ट्रस्टने बांधल्या त्या बीआयटी चाळी. बीआयटी म्हणजेच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. म्हणजे परळची एका ओळीतल्या खोल्यांची चाळ आणि दादरची झाडांच्या सावलीतली कॉलनी ही एकाच टेबलावर काढलेली चित्रं आहेत. एकात सामायिक नळ काढला, दुसऱ्यात बगीचा.

बाबासाहेबांनी घर बांधलं ते हिंदू कॉलनीत. राजगृह. पुस्तकांसाठी बांधलेलं घर, पन्नास हजारांच्या घरात ग्रंथ. १९३४ मध्ये ते परळहून इथे राहायला आले. त्या दोन खोल्यांपासून या घरापर्यंतचं अंतर मी एकदा मुद्दाम चाललं. रमतगमत, मध्ये उसाचा रस पिऊन, पाऊण तास. तसं अडीच किलोमीटरच्या आत-बाहेर असेल. त्यांना तिथून इथे यायला बावीस वर्षं आणि दोन खंड लागले. आणि शेवटी राजगृहातून निघालेली यात्रा ज्या रस्त्याने पुन्हा पोयबावडीला गेली त्यालाच पुढे त्यांचं नाव दिलं गेलं. एका माणसाचं चाळीतलं घर आणि बंगल्यातलं घर जोडणारा रस्ता त्याच्याच नावाचा असावा असं ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे पाट्या इतक्या विचाराने लावत नाहीत.

माटुंग्याबद्दल फार सांगत नाही, ते स्वतःच स्वतःबद्दल पुष्कळ सांगतं. फिल्टर कॉफी, केळीच्या पानावरचं जेवण, फुलांच्या दुकानात मोगऱ्याच्या वेण्या विणणाऱ्यांची न थांबणारी बोटं. वडिलांना बोनस मिळाला की आम्ही लालबागहून बस पकडून इथे डोसा खायला यायचो आणि सांबार मागून घ्यायला लाजायचो. एक गोष्ट मात्र सांगतेच. इथल्या पुलाखाली पूर्वी गाड्या, गर्दुल्ले आणि कचरा असायचा. आसपासच्या रहिवाशांनी पाठपुरावा करून तिथे बाग करवून घेतली, चालायला वाट केली, आणि ती वाट नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणावळणाची आखली. सकाळी लोक पुलाखाली, गाड्यांच्या घरघरीत, नर्मदा परिक्रमा करत असतात. मुंबईतलं माझं सगळ्यात लाडकं ठिकाण कुठलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगते. मग लोक मरीन ड्राइव्हबद्दल बोलायला लागतात.

पुढे किंग्ज सर्कलचा गोल, आता महेश्वरी उद्यान, रेल्वेचा बुटका पूल ज्याच्याखाली उंच ट्रक वर्षातून दोनदा अडकतोच, आणि मग शीव. शीव म्हणजे वेस. मुंबई बेटाची हद्द इथे संपायची. लग्न करून मी वेशीवर येऊन पडले ती पडलेच.

गेल्या वर्षी ५ डिसेंबरला संध्याकाळी मी आईकडून निघाले. टॅक्सी मिळेना, म्हणून परळच्या दिशेने चालायला लागले. डिसेंबरच्या त्या दोन दिवसांत दादरकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा पांढऱ्या कपड्यांनी भरतात. बहुतेक लोक रेल्वेने थेट दादरला उतरून शिवाजी पार्कात जातात, चैत्यभूमीच्या रांगेत लागतात. पण काही जण आधी परळची चाळ बघायला येतात. पोयबावडीला मी थांबले. चाळीच्या जिन्यात एक तरुण मुलगा उभा राहून पाच-पाच जणांना वर सोडत होता. "चपला खाली काढा, जिना अरुंद आहे, सावकाश." मीही रांगेत लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वर लांबलचक गॅलरी, एकाला एक लागून दारं, कुणाच्या तरी घरातून फोडणीचा वास. माझ्या पुढच्या बाईने उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. माझी पाळी आली तेव्हा मी नुसतीच उभी राहिले. मागच्याने "ताई, चला" म्हटलं.

खाली उतरले तर ती बाई पायरीवर बसली होती, सत्तरीची असेल, बोटांत चप्पलचा तुटलेला अंगठा. बरोबर सात-आठ जणी, डोक्यावर बोचकी. परभणीकडच्या होत्या.

"बाई, राजगृह किती लांब असंल इथून?"

"चालत गेलात तर पाऊण तास. बस मिळेल की समोरून."

"बस नगं. चालतच जाऊ." तिने पिशवीतून सुतळी काढून चप्पल पायाला बांधली. माझ्याकडे पाण्याची बाटली होती, मी पुढे केली. तिने ती घेतली, बाटलीला तोंड लावून पोटभर प्याली, पुढच्या बाईला दिली. फिरत फिरत बाटली रिकामी होऊन माझ्याकडे आली.

"सरळ जायचं," मी सांगितलं. "कुठे वळू नका. डोक्यावर पूल लागतील, त्यांच्या खालूनच चला. दादर टीटी आलं की विचारा."

"आन मधीच चुकलो तर? रस्त्याचं नाव काय म्हनायचं?"

मी नाव सांगितलं.

म्हातारी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मी चेष्टा करतेय की काय म्हणून. मग पुढे गेलेल्या बायकांना तिने हाळी दिली, "ए रुक्मे! थांब की! बाच्याच रस्त्यानं चाललोय आपन, कशाला चुकतंय!" आणि लंगडत, पण झपाझप, सिग्नल पडायच्या आत रस्ता ओलांडून ती पुलाखाली गेली.